‘सॉर्ट आऊट’ म्हणजे माल रिजेक्ट नव्हे

ताई, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातली, वय 26. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे नाशिकला बीएस्सी. दोन वर्षांपासून द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. ईमेल जमतात, पण गेल्या सीझनपासून नेदरलँड्सच्या खरेदीदाराचे कॉलही मलाच घ्यावे लागतात. शब्द सगळे ओळखीचे असतात, अर्थ मात्र लागत नाही. मार्चमध्ये दोन पॅलेटच्या लेबलांची गडबड झाली. तिकडचा माणूस म्हणाला, ‘डोन्ट वरी, वुई विल सॉर्ट इट आऊट हिअर.’ मी शेठना सांगितलं, ते लोक माल सॉर्ट करून बाजूला काढणार आहेत. शेठनी रात्री अकराला त्याला फोन लावला. पुढचं लिहीत नाही. नंतर एकदा तो म्हणाला, ‘लेट्स पुट ऑफ द लोडिंग’, तर मी लोडिंगच बंद झालं असं समजले. आता ऑफिसात मला ‘सॉर्ट आऊट मॅडम’ म्हणतात. मेन रोडवरून एक हजार फ्रेझल व्हर्बचं, म्हणजे ‘पुट ऑफ’सारख्या जोडक्रियापदांचं, पुस्तक आणलं. तीन महिन्यांत सी अक्षरापर्यंत आले, तोवर ए विसरले. पाठ करायची काही युक्ती आहे का? की क्लास लावू?

ता. क. जानेवारीत तो स्वतः नाशिकला येणार आहे. त्याच्या मेलमधल्या ओळी खाली उतरवल्यात. मला बरोबर कळल्यात का तेवढं सांगा.

– एक वाचक, नाशिक

•

आधी ते हजारांचं पुस्तक मिटव आणि ज्याला हवं असेल त्याला देऊन टाक. ‘देऊन टाक’ मुद्दाम लिहिलंय, त्याच्याकडे पुढे येते. तुला ‘तू’च म्हणते, माझ्या पहिल्या वर्गातल्या मुली आता तुझ्या आईच्या वयाच्या असतील.

‘सॉर्ट आऊट मॅडम’चं मनाला लावून घेऊ नकोस. माझी गोष्ट याहून वाईट आहे. पहिली नोकरी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, आणि मी मराठी शाळेत शिकून बीए-बीएड झालेली. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका टीचर्स रूमच्या दारात येऊन मला म्हणाल्या, ‘विल यू स्टँड इन फॉर मी इन द फिफ्थ पीरियड?’ मी डबा बाजूला ठेवला आणि उभी राहिले. त्या उत्तराची वाट बघतायत, मी उभीच. शेवटी शेजारच्या बाईंनी पदर ओढून मला खाली बसवलं आणि कानात सांगितलं, ‘अगं, पाचवा तास त्यांच्याऐवजी तू घेशील का विचारतायत.’ स्टँड, इन, फॉर, मी. चारही शब्द मला पाचवीपासून येत होते.

आता तुझंच पत्र बघ. तू लिहिलंस, ‘अर्थ लागत नाही.’ लागणे म्हणजे स्पर्श होणे, हे शब्दकोशातलं उत्तर. मग अर्थाचा तुला स्पर्श होत नाही, असं म्हणायचंय का? खाली लिहितेस, फोन ‘लावला’. मी लिहिते, मनाला ‘लावून घेऊ’ नकोस. ठक्कर बाजारच्या बसस्थानकावर जाऊन पाच मिनिटं उभी राहा. एक जण विचारतो, ‘शिर्डी लागली का?’ म्हणजे गाडी फलाटावर आली का. शेजारच्या बाई पिशवीतून लिंबू काढत सांगतात, ‘हिला बस लागते हो.’ बस तीच, क्रियापद तेच, आणि एकीत उलटी आहे तर दुसरीत नाही! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नाद लागतो, पाऊस लागून राहतो, मुलगा मार्गी लागतो, द्राक्षं गोड लागतात. हे तू कुठल्या पुस्तकातून पाठ केलंस? तुझा तो डच माणूस उद्या मराठी शिकायला बसला, तर ‘लागणे’पाशी रडेल. 1831 साली मोल्सवर्थसाहेबांनी मराठी-इंग्रजी कोश छापला, तेव्हा या एका शब्दाने त्यांची किती झोप उडवली असेल, असं मला नेहमी वाटतं.

आणि ही अडचण तुझ्या मराठी माध्यमामुळे आलेली नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये इंग्रजीचा जो मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने साफ लिहून ठेवलंय की आमच्या क्रियापदांमागे लागणाऱ्या या बारक्या शब्दांनी परक्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. त्याने या जोड्या मोठ्या कष्टाने गोळा केल्या. तेव्हा त्यांना फ्रेझल व्हर्ब हे नावही नव्हतं. ते रूढ झालं 1925 च्या सुमाराला, लोगन पिअर्सॉल स्मिथ नावाच्या लेखकामुळे. माणसं वापरत आधीपासून होती, बारसं उशिरा झालं.

तर ‘देऊन टाक’. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक काय? पोळी तीच, पण दुसऱ्यात ताट रिकामं होतं. ‘टाक’ म्हणजे फेकणं नाही, काम संपवणं. ‘बोलला’ आणि ‘बोलून गेला’ यांत तोंडातून निसटण्याची छटा येते. ‘लिहि’ आणि ‘लिहून घे’, ‘बस’ आणि ‘बसून राहा’, सगळीकडे मागे जोडलेलं क्रियापद स्वतःचा मूळ अर्थ सोडून पहिल्याला रंग देतं. मराठी क्रियापदामागे दुसरं क्रियापद जोडते, इंग्रजी एक दिशेचा शब्द जोडते: वर, खाली, आत, बाहेर, दूर, परत. काम एकच. म्हणून ‘ईट अप’ म्हणजे वर खाणं नव्हे, खाऊन टाकणं. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. इथला ‘अप’ म्हणजे जवळजवळ आपला ‘टाक’. आणि ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’, ‘कॅरी ऑन’ यांतला ‘ऑन’ म्हणजे आपला ‘राहा’: बोलत राहा, करत राहा. ‘टेक डाऊन’ तर गंमतच आहे. कुणी पत्ता सांगताना ‘टेक धिस डाऊन’ म्हणतो, तेव्हा आपण म्हणू, ‘हे उतरवून घे.’ खाली आणणं दोन्हीकडे! तूच ताज्या कलमात लिहिलंयस, ओळी ‘उतरवल्यात’.

सगळीकडे असं चपखल बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. ‘गिव्ह अप’मधला ‘अप’ नाद सोडायला लावतो, ‘शो अप’मधला माणूस हजर करतो. पण दहातल्या चार-पाचांना तरी हे धागे सापडतात, आणि सापडले की ते डोक्यातून जात नाहीत.

तुझ्या दोन अपघातांकडे येते.

‘सॉर्ट’ हा तुमच्याकडे रोजचा शब्द. बायका टेबलावर घड ठेवून कात्रीने खराब मणी काढतात, ते सॉर्टिंग. त्यामुळे तुझ्या कानाने जे पकडलं, त्यात तुझी चूक कमी आणि धंद्याची जास्त. पण मागे ‘आऊट’ आला की ‘सॉर्ट’ने कात्री खाली ठेवली. ‘वुई विल सॉर्ट इट आऊट’ म्हणजे ‘आम्ही निस्तरतो इकडे’. निस्तरणे! इतका नेमका मराठी शब्द हाताशी असताना वहीत ‘टू रिझॉल्व्ह’ असा अर्थ लिहून ठेवू नकोस. एक इंग्रजी दुसऱ्या इंग्रजीने समजावून घेण्यात अर्धा जन्म जातो. आणि यातली खूण ‘इट’मध्ये होती. माल बाजूला काढायचा असता, तर तो ‘देम’ म्हणाला असता किंवा पेट्यांचं नाव घेतलं असतं. ‘इट’ म्हणजे ती भानगड.

‘पुट ऑफ’मध्ये तुला ‘ऑफ’ने फसवलं. त्याला कारण आपली मराठी. आपण ‘लाईट ऑफ कर’, ‘मोटर ऑफ झाली’ म्हणतो. ‘ऑफ’ला ‘करणे’ जोडून त्याचं परस्पर क्रियापद करून टाकलंय. त्यामुळे ‘ऑफ’ दिसला की बंद, ही गाठ डोक्यात पक्की बसते. याच सवयीतून आपली मुलं ‘ऑफ द फॅन’ म्हणतात. इंग्रजीत तिथे ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतोच. ‘ऑफ’चा मूळचा अर्थ ‘पासून दूर’. दिवा विजेपासून तुटतो, बटण शर्टापासून तुटून पडतं तेव्हा ‘कम्स ऑफ’, आणि लोडिंग आजच्या दिवसापासून दूर नेऊन ठेवलं की ‘पुट ऑफ’. आपल्याकडे ते पुढे ढकलतात.

मग तो सरळ ‘पोस्टपोन’ का म्हणत नाही, असं तुला वाटेल. इथे इंग्रजीचं घर समजून घे. त्यात दोन चुली आहेत. एक जुनी, घरगुती: पुट, गेट, गो, कम. दुसरी लॅटिन-फ्रेंचमधून आलेली, दरबारी. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘पोस्टपोन’ म्हणजे नुसतंच ‘नंतर ठेवणे’, फक्त सोवळं नेसलेलं. आपल्याकडेही सरकारी पत्रात बैठक ‘स्थगित’ होते आणि फोनवर ती ‘पुढे ढकलली’ जाते. फायर ब्रिगेडच्या बंबावर ‘अग्निशमन’ लिहिलेलं असतं, पण ‘अगं, गॅसवर कापड पेटलंय, शमन कर’ असं कुणी ओरडत नाही. ‘एक्स्टिंग्विश’ आणि ‘पुट आऊट’ यांचं नातं हेच. शाळेत आपल्याला दरबारी इंग्रजी शिकवलं गेलं, म्हणून तुझे ईमेल चांगले होतात. फोनवरचा माणूस स्वयंपाकघरातलं बोलतो.

तुझा माणूस डच आहे, म्हणजे इंग्रजी त्याचीही मातृभाषा नसणार. पण त्याच्या भाषेत याच घाटाची क्रियापदं आहेत. ‘पुढे ढकलणे’ला डचमध्ये जो शब्द आहे, ‘औटस्टेलन’, त्याचे तुकडे पाडले तर ‘बाहेर’ आणि ‘ठेवणे’ असेच निघतात. त्याला हे घरून आलंय. तुला ते ‘लागणे’च्या रूपाने घरून आलंय, एवढाच फरक.

जाता जाता: बैठक अलीकडे घ्यायची असेल तर आपण बिनधास्त ‘प्रीपोन’ म्हणतो. शब्द भारतातला आहे, मला आवडतो, तर्कशुद्धही आहे. पण बाहेरचा माणूस त्यावर क्षणभर अडखळू शकतो. त्याच्याशी बोलताना ‘ब्रिंग इट फॉरवर्ड’ म्हण.

आता ‘इट’ कुठे ठेवायचा. व्याकरणातला हा एकच नियम मी तुझ्या गळ्यात मारणार आहे. ‘पुट ऑफ द लोडिंग’ चालतं, ‘पुट द लोडिंग ऑफ’ही चालतं. पण ‘लोडिंग’च्या जागी ‘इट’ आला की तो मधेच बसतो: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. ‘टर्न इट डाऊन’, ‘फिल देम इन’, ‘कॉल हिम बॅक’, सगळीकडे हेच. मग ‘लुक आफ्टर’चं काय? तिथे ‘लुक आफ्टर हर’ म्हणावं लागतं, ‘लुक हर आफ्टर’ नाही. कोण मधे जागा देतो आणि कोण नाही, हे कानाने ओळखायची एक खूण आहे, ती मला फार उशिरा कळली. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर येतो. ‘लुक आफ्टर हर’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘आफ्टर’ घाईत उरकला जातो. मागच्या शब्दावर जोर पडत असेल, तर तो बहुतेक वेळा मधे मोकळी जागा सोडतो. कॉलवर त्याचा आवाज कुठे चढतो ते ऐक, आठवड्याभरात कान तयार होईल.

शब्दकोशातही ही सोय केलेली असते. केंब्रिज, ऑक्सफर्ड, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत ‘पुट’ आणि ‘ऑफ’च्या मधे ‘समथिंग’ किंवा त्याचं आखूड रूप, एस-टी-एच, छापलेलं दिसेल. ते मधे असलं तर मधे जागा आहे. शेवटी असलं तर नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी ती तीन अक्षरं वर्षानुवर्षं बघितली आणि छपाईची काहीतरी खूण असेल म्हणून सोडून दिली.

एका जोडीची तुला खास भीती घालून ठेवते, कारण तुमच्याकडे कोल्ड स्टोरेज आहे. ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट टू’ असं कुणी म्हणालं तर? तुझी ‘ऑफ म्हणजे बंद’वाली गाठ सांगेल, अलार्म बंद पडला. अर्थ नेमका उलटा: अलार्म वाजला. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली, रात्री दोनला तापमान चढलं म्हणून घंटा झाली, आणि तू वायरमनला बोलावणार अलार्म दुरुस्त करायला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे मात्र दिवे गेले. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. आपली बस लागते तशीच ही गत. कोण ‘ऑफ’ झालं त्यावर अर्थ ठरतो. म्हणून नुसती जोडी पाठ करण्याला काही अर्थ नाही. अलार्म, दिवा, दूध, ज्याच्याबरोबर ती आली त्याच्यासकट लक्षात ठेवायची.

‘रन आऊट’ही तुला ऐकू येणारच. क्रिकेटमुळे आपल्याला तिथे धावबाद दिसतो. ‘वुई हॅव रन आऊट ऑव्ह पनेट्स’ म्हणजे पनेटचे डबे संपलेत, पाठवा. तो ‘ऑव्ह’च आहे हो, ‘ऑफ’ नव्हे. आपण दोन्ही एकाच तोंडाने म्हणतो आणि मग दोन्ही एकच वाटायला लागतात.

तू कोरी पाटी घेऊन बसलेली नाहीस, हेही बघ. तुमच्या पॅकहाऊसच्या दारात जी छोटी मालगाडी उभी असते, तिला काय म्हणता? पिकअप. अंबड-सातपूरला मशीन बंद पडलं की ‘ब्रेकडाउन’ झालं. शेठ तुला ‘फॉलोअप घे’ म्हणतात, कॉम्प्युटरवाला ‘बॅकअप घेतला का’ विचारतो, लग्नात ‘मेकअप’, दवाखान्यात ‘चेकअप’. ही सगळी फ्रेझल व्हर्बची नामं आहेत, मराठीत मुक्कामाला आलेली. फक्त त्यांना परत क्रियापद करताना फोडून दोन शब्द करायचे आणि काळ पहिल्याला लावायचा. ‘द मशीन ब्रेकडाउन्ड’ नाही, ‘ब्रोक डाऊन’. जोरही सरकतो: नामात ‘ब्रेक’वर, क्रियापदात ‘डाऊन’वर.

उलट काही ठिकाणी आपण नको तिथे शेपूट लावतो. ‘कोप अप विथ’ हे मी इतक्या अर्जांत वाचलंय की आता लाल पेन उचलत नाही. ते नुसतं ‘कोप विथ’. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ही काढ. आणि ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहीत असशील, तर आजपासून ‘मीटिंग यू’ लिही. ही एक चूक सुधारलीस तरी ईमेलचा चेहरा बदलतो.

‘पास आऊट’चं नाशिकमध्ये वेगळंच आहे. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण संपवून नवे फौजदार बाहेर पडतात, तेव्हा त्यांची पासिंग आऊट परेड होते. लष्कर-पोलिसांच्या संदर्भात ते बरोबरच. पण तू डच माणसाला ‘आय पास्ड आऊट इन 2021’ सांगितलंस, तर त्याला वाटेल, 2021 मध्ये ही चक्कर येऊन पडली होती. ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हण आणि मोकळी हो.

आणि इंग्रजी आपल्याला फार दबवायला लागलं, तर एक गोष्ट आठव. त्यांच्या कोशात आपलं देवळाली आहे. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे, ऊन आणि कंटाळा डोक्यात जायचा. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला ते ‘डुलॅली’ म्हणायला लागले, आणि कुणाचं डोकं फिरलं की तो ‘गोज डुलॅली’. देवळालीच्या लॅम रोडने जाताना मला दर वेळी याचं हसू येतं. त्यांचंही डोकं आपल्या गावात फिरलेलं आहे.

आता तू विचारलेली युक्ती. क्लास लावू नकोस. ‘गेट’ची चाळीस रूपं एका पानावर छापतात ते पुस्तक म्हणजे ठक्कर बाजारातल्या सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ करण्यासारखं आहे, तुला जायचंय फक्त निफाडला. एक शंभर पानी वही घे. कॉल झाला की त्यात कानावर पडलेलं एक, फार तर दोन वाक्यं लिही. जोडी नको, अख्खं वाक्य, त्याच्या तोंडातलं: ‘वुई आर रनिंग आऊट ऑव्ह टाइम.’ खाली तुझ्या आजीला सांगशील असं मराठी: ‘वेळ हातातून चाललाय.’ त्याखाली तेच वाक्य तुझ्या कामाचं करून: ‘वुई आर रनिंग आऊट ऑव्ह कार्टन्स.’ झालं. गाडी चालवताना ते तिसरं वाक्य दोनदा मोठ्याने म्हण, हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जात नाही. तुमच्या धंद्यातली माणसं फिरून फिरून त्याच तीस-चाळीस जोड्या वापरतात. लोडिंगच्या, कागदांच्या, पैशांच्या. सीझन संपेपर्यंत त्या सगळ्या वहीत आलेल्या असतील.

बोलताना वापरायची मात्र घाई करू नकोस. समजणं आधी, वापरणं मागाहून आलं तरी चालतं. तू ‘पोस्टपोन’ म्हणालीस तर कुणाचं काही बिघडत नाही, तो तुझा शब्द बिनचूक आहे. मी शिकवत होते तेव्हा मुलं मुलाखतीत ऐट म्हणून वाक्यागणिक फ्रेझल व्हर्ब पेरायची. ऐकताना लग्नाच्या जेवणात प्रत्येक पदार्थावर काजू घातल्यासारखं व्हायचं.

आणि नाही कळलं तर तिथल्या तिथे विचार. रात्री अकराचा फोन त्यानेच वाचला असता. ‘सॉरी?’ एवढंच म्हणालीस तर तो तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणेल, त्याने काही होत नाही. तुला जे कळलं ते त्याच्यापुढे ठेव: ‘सो यू विल करेक्ट द लेबल्स, अँड द ग्रेप्स आर फाइन?’ तो हो किंवा नाही म्हणेल. दोन्हीत तुझा फायदा. मग कॉल संपल्यावर दोन ओळींचा मेल टाकायचा, तुझ्या दरबारी इंग्रजीत, काय काय ठरलं ते. शेठना सांगायचं ते त्या मेलचं उत्तर आल्यावर.

राहिला त्याचा मेल. तू चार ओळी दिल्या आहेत.

‘आय विल फ्लाय इन ऑन द ट्वेल्फ्थ.’ 12 तारखेला विमानाने येतोय. हे तुला कळलंय.

‘कॅन यू पुट मी अप समव्हेअर निअर द पॅकहाऊस?’ यावर तू समोर ‘मला वर ठेवा?’ असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलंयस. राहायची सोय करशील का, असं विचारतोय. आपल्याकडची जुनी माणसं विचारतात ना, ‘उतरलायत कुठे?’ तिथे इंग्रजी माणसाला वर ठेवतं आणि मराठी खाली उतरवतं. स्वच्छ हॉटेल बघ, आणि खर्च कोणाचा ते शेठना आधीच विचारून घे, कारण ‘पुट अप’मध्ये ते सांगितलेलं नसतं.

‘आय विल ड्रॉप बाय द व्हिनयार्ड ऑन द वे.’ म्हणजे वाटेत बागेत उभ्या उभ्या येऊन जातो. पाहुणचाराचा घाट घालू नकोस, पण बागवाल्याला कळवून ठेव. उभ्या उभ्या आलेला माणूस आपल्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नाही, हे त्याला बिचाऱ्याला माहीत नसेल.

आणि शेवटची, ‘कॅन समवन पिक मी अप फ्रॉम ओझर?’ समोर तू लिहिलंयस, ‘पिकअप पाठवायची.’ अगं बाई, विमानतळावर कार पाठव. पिकअप राहू दे द्राक्षांना.